एक पाच चार आठ

जानेवारीत, निफाडचा पारा सहावर आलेला असताना,
आम्ही रविवारी पहाटे मखमलाबाद रोडला उभे असतो
मिसळीच्या पत्र्याच्या शेडबाहेर,
कानटोप्या कपाळावर सारून.
थंडी वाजली तरी चालेल, कान मोकळे हवेत.

फिरोज तांबोळी आमच्यातला अमेरिकन पक्ष, एकटाच.
अंबडला डेंटिंगचं गॅरेज, जन्मभर
लोकांच्या दारांचे पोचे काढत आला.
कोठुळे सर इटालियन.
पॉलिटेक्निकमध्ये थर्मल शिकवून निवृत्त झाले,
अजून हवेतच आलेख काढतात बोटाने.

सर म्हणतात, बारा सिलिंडर म्हणजे
बारा जणांनी एका दमात घेतलेली तान,
कुणाचा श्वास कुठे संपला कळत नाही.
आणि तुझी गाडी, फिरोज?
माझी पान खाऊन बोलते, सर.
पण मनातलं बोलते.

मी मधली. सातपूरला तपासणी विभागात.
दिवसाला दोनशे क्रँकशाफ्ट माझ्या हाताखालून जातात,
दहा मायक्रॉन इकडे तिकडे झाले
की लाल खडूची फुली.
मला बाजू घेता येत नाही.
मला दोघींना उघडून बघायचंय फक्त.

आधी येतो तो आवाज नसतोच,
शेडच्या पत्र्याला सुटलेला कंप असतो.
तर्रीचा थर हलतो वाटीत.
मग वळणावरून पिंपळगावच्या थेट्यांची पिवळी लॅम्बोर्गिनी,
तिच्यामागे हाडांच्या डॉक्टरांची निळी मस्टँग.

शेडसमोरचा गतिरोधक कुणी मोजून बांधलेला नाही.
आम्ही धावतो. दोन बाकांच्या फळ्या काढतो, तिरप्या लावतो,
सर रस्त्यावर पालथे पडून ओरडतात,
अजून बोटभर! अजून बोटभर!
आणि ती सबंध पिवळी मिजास
ओल्या फरशीवर म्हातारं माणूस पाऊल टाकतं
तशी चढते, उतरते.
थेट्यांचा मुलगा घाम पुसतो. सहा अंशांत.

या खेपेला मी अण्णांना आणलं होतं.
तीस वर्षं फोर्जिंग शॉप, हातोड्यांच्या रांगेत.
दोन्ही कान तिथेच राहिले, कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं,
टोल्यांचं.

अण्णा काही विचारत नाहीत.
निळ्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवतात,
ताप बघावा तसा. डोळे मिटतात.
इंजिन आळसावल्यासारखं चालू आहे, जागच्या जागी.
फिरोज माझ्या कानाशी पाढा म्हणतो,
एक पाच चार आठ
सहा तीन सात दोन,
ठिणगी कुठून कुठे उडी मारते त्याचा.
आठनंतर सहा, म्हणजे एकाच बाजूला दोनदा.
तिथे ती लंगडते, ताई. त्या लंगडण्यावरच तर जीव आहे.

अण्णांनी दुसरा हातही ठेवलाय.
बोटं हलतायत पत्र्यावर.
उजवं, डावं, उजवं, डावं,
पुन्हा डावं.

फिरोज गप्प झाला. पाढा अर्ध्यावर राहिला.

मग ते पिवळीकडे गेले. हात ठेवला, खूप वेळ.
बोटं उचललीच नाहीत.
शेवटी म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसे, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे,
हिच्यात बोट घालायला जागा नाही गं!
सर आणि फिरोज, दोघांनाही वाटलं आपणच जिंकलो.
मिसळ गार झाली होती. पाव दुसरे मागवले.

सोमवारी पहिल्या पाळीला
व्ही-ब्लॉकवर शाफ्ट ठेवला.
ट्रॅक्टरचा होता, तीन सिलिंडरचा,
द्राक्षबागेत दोन ओळींमधून फिरणाऱ्या बुटक्या ट्रॅक्टरचा.
डायलचा काटा शून्याच्या आसपास थरथरला.
घामाने गंज धरतो, उघडा हात लावायचा नाही,
हे मीच नव्या पोरांना शिकवते.
इकडे तिकडे पाहिलं
आणि हातमोजा काढला.